मलिक अंबर आणि खडकीची नहर

दख्खनच्या इतिहासात तलवार गाजविणारे वीर पुष्कळ झाले. त्यांच्या लढायांच्या सनावळ्या आपण शाळेत पाठ केल्या आणि परीक्षा होताच विसरूनही गेलो. परंतु ज्याने एका ओसाड माळावर नगर वसविले आणि त्या नगराला जमिनीखालून पाणी आणून पाजले, अशा पुरुषाचे नाव लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहते. निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर हा असा पुरुष होय. त्याचे राज्य बुडाले, घराणे विस्कटले, त्याने वसविलेल्या नगराचे नाव तीन वेळा बदलले. पण त्याने खोदविलेल्या पाण्याच्या भुयाराला आजही लोक नहर-ए-अंबरी म्हणूनच ओळखतात. गरीब घरातून शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे चरित्र अवश्य वाचावे, असे वाटते.

बाजारात विकला गेलेला मुलगा

अंबरचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील हबसाण म्हणजे आजच्या इथिओपिया देशात झाला. त्याचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्रापलीकडील मोखा बंदरात आणि पुढे बगदादला त्याची विक्री झाली. ज्याला आपले गाव नाही, आपली माणसे नाहीत आणि ज्याच्या देहावरही स्वतःचा हक्क नाही, अशा मुलाचे पुढे काय होणार, हे कोणीही सांगितले असते.

परंतु बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकाने या मुलातील चुणूक ओळखली. त्याने त्याला इस्लामची दीक्षा दिली, अंबर हे नाव ठेवले आणि लिहावाचायला शिकविले. हिशेब, कारभार व व्यवहार यांचेही धडे त्याला मिळाले. अंबरच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती येथे. घोडा आणि तलवार त्याच्या हाती पुढे आली. त्याआधी लेखणी आली होती. पुढे त्याने शेतसाऱ्याची जी घडी बसविली आणि नहरेसारखे काम जे पार पाडले, त्यांचे बीज या शिक्षणात होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

बगदादहून अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही एके काळी हबशी गुलामच होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी शिपाई होते. गुलाम म्हणून आलेला माणूस कर्तबगारीवर सरदार होऊ शकतो, दरबारात बसू शकतो, राज्याचा पेशवाही होऊ शकतो, हे अंबरने या घरात डोळ्यांनी पाहिले.

येथे त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. अहमदनगर शहराला आसपासच्या गावांतून जमिनीखालच्या नळांनी पाणी येत असे. शहरातील हौद, बागा आणि महाल त्या पाण्यावर चालत. पाणी दूर असले तरी उताराचा हिशेब नीट केला, तर ते आपल्या पायांनी चालत शहरात येते, हा धडा तरुण अंबरने येथेच घेतला असावा.

चंगेजखान १५७४-७५ च्या सुमारास मरण पावला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. त्याने संसार थाटला आणि नशीब काढण्यासाठी तो बाहेर पडला. काही काळ तो विजापूरच्या आदिलशाहीत होता. मलिक हा किताब त्याला तेथेच मिळाला.

आपल्या मुलखाशी असलेला धागा

सातारा, कऱ्हाड, मिरज हा आपला मुलूख त्या काळी आदिलशाहीत होता. मलिक अंबरच्या कथेशी आपल्या साताऱ्याचा एक धागा जुळलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अली आदिलशहा १५८० साली मारला गेला. गादीवर लहान इब्राहिम बसला आणि त्याची चुलती चाँदबीबी राज्य सांभाळू लागली. तेव्हा किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला कैद करून साताऱ्याच्या किल्ल्यावर पाठविले. लवकरच किश्वरखानाला पळून जावे लागले, हबशी सरदारांच्या हाती सत्ता आली आणि चाँदबीबी सन्मानाने विजापुरास परतली. अजिंक्यताऱ्यावर कैदेत राहिलेली हीच चाँदबीबी १५९५-९६ साली अहमदनगरच्या तटावर उभी राहून मोगलांशी लढली.

त्याच सुमारास, म्हणजे १५९५ मध्ये, अंबर विजापूर सोडून अहमदनगरकडे परतला. त्याच्याबरोबर जेमतेम दीडशे स्वार होते. १६०० साली चाँदबीबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. लहानगा निजामशहा कैद झाला. राज्य संपले, असेच सर्वांना वाटले.

परंतु अंबरला तसे वाटले नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एका तरुणाला शोधून परांड्याच्या किल्ल्यात मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविले, त्याला आपली मुलगी दिली आणि राज्याचा कारभार हाती घेतला. पुढची पंचवीस वर्षे अकबर आणि जहांगीर यांच्या बलाढ्य फौजा दख्खनमध्ये येत राहिल्या. हा हबशी पेशवा मात्र त्यांना पुरून उरला.

त्याचे बळ दोन गोष्टींत होते. मराठे सरदार व त्यांचे चपळ घोडदळ त्याने जवळ केले. वेरूळचे भोसले, सिंदखेडचे जाधव अशी घराणी निजामशाहीत याच काळात नावारूपाला आली. शत्रूशी मैदानात समोरासमोर न भिडता त्याची रसद मारायची, रात्री छापे घालायचे आणि डोंगरात नाहीसे व्हायचे, ही गनिमी काव्याची रीत त्याने मोठ्या प्रमाणावर वापरली. दुसरे बळ रयतेचे. जमिनीची प्रत पाहून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरविण्याची पद्धत त्याने घातली आणि मक्तेदारांकडून होणारी लूट थांबविली. गावाचे वतन व मिरासदारांचा जमिनीवरील हक्क त्याने मान्य केला. हा महसुली कारभार ब्राह्मण कामगारांच्या हातून चाले. ज्यांना विद्या येते त्यांना काम द्यावे, त्यांची जात किंवा धर्म आड आणू नये, असा त्याचा रोख दिसतो. १६१७ साली व्हान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी त्याला छावणीत भेटला होता. या पेशव्याला लोक मानतात व त्याच्या मुलखात वाटसरू निर्धास्त फिरतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे.

खडकीचे नगर

निजामशाहीची राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि १६१० मध्ये दौलताबादेस आली. दौलताबादेपासून जवळच खडकी नावाचे खेडे होते. नावावरूनच जमिनीची जात कळते. अंबरने येथे नवे नगर वसविण्यास आरंभ केला. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून १६१२ साली त्याने भडकल दरवाजा उभारला. मशिदी बांधल्या, सरदारांना वाडे बांधण्यास जागा दिल्या, पेठा वसविल्या. अरब विद्वानांनाही त्याच्याकडे आश्रय मिळे.

१६१६ साली या सर्वांवर घाला आला. रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकी जाळून उद्‌ध्वस्त केली. पुढच्याच वर्षी शहाजादा खुर्रम दख्खनमध्ये उतरला आणि अंबरला तह करून अहमदनगरचा किल्ला व बालाघाटचा मुलूख सोडावा लागला. तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या घरात होते. जळलेले नगर सोडून एखाद्या भक्कम किल्ल्यात जाऊन बसला असता, तरी त्याला कोणी नाव ठेवले नसते. पण त्याने नगर पुन्हा उभे केले. आणि नहरेचे मोठे काम याच पडत्या काळात, १६१७-१८ च्या सुमारास झाले.

नहर कशी चालते?

खडकीजवळून खाम नदी वाहते. पण उन्हाळ्यात तिचा काय भरवसा? विहिरी खणाव्यात तर खाली कातळ. अंबरने आणि त्याच्या कारागिरांनी शहराच्या उत्तरेस, हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याकडे नजर वळविली. डोंगरावर पडणारा पाऊस मुरुमात जिरतो आणि जमिनीच्या पोटात झिरपत राहतो. तेथे खोल भुयार खोदले, तर चारही अंगांनी पाझरणारे पाणी त्यात गोळा होते. त्या भुयाराला शहराकडे अगदी मंद उतार दिला, की पाणी रहाटावाचून आणि मोटेवाचून रात्रंदिवस वाहत राहते. इराणात या रचनेला कारेज किंवा कनात म्हणतात.

हे ऐकायला सोपे असले तरी करायला फार कठीण आहे. उतार जास्त झाला तर पाण्याचा वेग वाढून बांधकाम खचते. कमी झाला तर गाळ बसून वाट बुजते. जमिनीखाली अंधारात, मैलोन्‌मैल, हा हिशेब चुकता कामा नये. ठरावीक अंतरावर जमिनीपासून भुयारापर्यंत विहिरीसारखी तोंडे ठेवावी लागतात. खोदताना माती तेथूनच वर काढली जाते. पुढे हवा आत जाण्यास व माणसाने उतरून गाळ काढण्यास तीच उपयोगी पडतात. खडकीच्या भुयाराला दगडाचुन्याचे बांधकाम आहे आणि काही ठिकाणी त्यातून माणूस उभ्याने चालू शकतो. शहरात आल्यावर पाणी खापरी नळांतून पेठापेठांच्या हौदांत, मशिदींत आणि घराघरांत जात असे. नळातील हवा व पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी वाटेत दगडी मनोरे बांधले जात. त्यांना तेथील लोक बंबा म्हणतात. आपल्याकडे त्यांनाच उच्छवास हे नाव आहे.

ही विद्या एकट्या अंबरची नव्हती. बिदरला बहमनी काळातच असे भुयार झाले होते. विजापुरास तोरवीहून पाणी आणले गेले होते. अंबरचा कट्टर शत्रू, मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान, याच्या वेळी बऱ्हाणपुरास १६१५ साली अशीच भुयारी योजना झाली. तिला कुंडी भंडारा म्हणतात. रणांगणावर एकमेकांचे वैरी असलेले हे दोघे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दोन बाजूंना आपापल्या नगरांसाठी एकच काम करीत होते. पुढे पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी आणले आणि आपल्या साताऱ्यातही यवतेश्वर व महादऱ्याच्या बाजूने डोंगराचे पाणी खापरी नळांतून शहरातील हौदांपर्यंत आले. विद्येला राज्याची सरहद्द नसते आणि धर्माचीही नसते.

खडकीत अंबरनंतरही नहरी होत राहिल्या. प्रसिद्ध पाणचक्कीची नहर ही त्यांपैकीच एक. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकीर व वाटसरूंसाठी पीठ दळले जाई.

पाणी पाजणारा आणि पाणी सोडणारा

मलिक अंबरचे चरित्र लिहिताना त्याची दुसरी बाजू झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या मुर्तजा निजामशहाला त्याने गादीवर बसविले, त्याच्याशी त्याचे पुढे बिनसले. त्या सुलतानाचा शेवट विषाने झाला आणि तो अंबरनेच घडवून आणला, असे इतिहासकार सांगतात. नंतर त्याने सुलतानाच्या लहान मुलाला गादीवर बसवून सत्ता आपल्याच हाती ठेवली.

१६२४ साली मोगल आणि विजापूर यांच्या फौजा एकत्र होऊन त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडी येथे मोठी लढाई झाली. अंबरने तेथील तलावाचा बांध फोडून पाणी शत्रूच्या वाटेवर सोडले. चिखलात तोफा व घोडे रुतले, रसद तुटली आणि दोन्ही फौजांचा पुरा मोड झाला. तरुण शहाजीराजे भोसले या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी येथेच कामी आले. पाण्याची चाल ओळखणाऱ्या माणसाने पाण्याचेच हत्यार केले, असे या लढाईबद्दल म्हणावे लागेल.

या विजयानंतर अंबर विजापूरवर चालून गेला. तोरवीजवळ इब्राहिम आदिलशहाने १५९९ पासून नौरसपूर नावाचे नवे, देखणे नगर वसविण्यास घेतले होते. संगीताचा वेडा असलेल्या त्या सुलतानाचे ते स्वप्न होते. अंबरच्या फौजेने ते नगर उद्‌ध्वस्त केले. आठ वर्षांपूर्वी ज्याची खडकी शत्रूने जाळली होती, त्यानेच दुसऱ्याची खडकी जाळली. ज्या तोरवीहून विजापूरला पाणी येई, त्याच तोरवीच्या शेजारी हे घडले. मोठी माणसेही आपल्या काळाच्या वर नेहमीच उठू शकत नाहीत. नौरसपुराचे भग्न अवशेष आजही त्याची साक्ष देत उभे आहेत.

मे १६२६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास, मलिक अंबर पैगंबरवासी झाला. खुलताबादला जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याजवळ त्याची कबर आहे. जहांगीर बादशहाने आयुष्यभर त्याचा द्वेष केला. अंबरच्या छिन्न मस्तकावर आपण बाण मारीत आहोत, असे चित्रही त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याला कधीच मिळाले नाही. त्याच दरबारातील इतिहासकार मुतमदखान याने मात्र अंबरच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने स्तुती केली. शत्रूच्या घरची ही शाबासकी थोडी समजू नये.

काय बुडाले, काय उरले

अंबरचा मुलगा फतेहखान याने खडकीला फतेहनगर हे नाव दिले. पण बापाची कर्तबगारी त्याच्यात नव्हती. १६३३ साली दौलताबादचा किल्ला त्याने मोगलांच्या स्वाधीन केला आणि १६३६ साली निजामशाही कायमची संपली. पंचवीस वर्षे लढून राखलेले राज्य मालकाच्या मागे दहा वर्षे टिकले. १६५३ पासून शहराला औरंगाबाद म्हणू लागले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झाले. या सर्व उलथापालथीत नहरेचे पाणी मात्र वाहत राहिले. विसाव्या शतकातही जुन्या शहराचे कित्येक मोहल्ले त्या पाण्यावर अवलंबून होते. पुढे जायकवाडीच्या धरणाचे पाणी नळाने आले आणि लोक नहरेला विसरू लागले.

विसरल्यावर जे होते ते झाले. भुयाराच्या वरची तोंडे बुजली, त्यांवर घरे व रस्ते झाले, खोदकामात बांधकाम फुटले आणि काही भागांत वस्तीचे सांडपाणी या वाटेत झिरपू लागले. चार शतकांपूर्वी ज्या वाटेने निर्मळ पाणी येत होते, ती वाट शहराचे गटार होऊ पाहत आहे. अंबरच्या शत्रूंनी खडकी जाळली, पण नहर त्यांच्याकडून मेली नाही. ती मारण्याचे काम आपल्या बेफिकिरीने चालविले आहे. या नहरीची पाहणी, सफाई आणि जतन व्हावे म्हणून तेथील इतिहासप्रेमी व स्थापत्याचे जाणकार धडपडत असतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

नगराला दोन वाटा लागतात. एका वाटेने निर्मळ पाणी आत यावे आणि दुसऱ्या वाटेने घाण पाणी बाहेर जावे. या दोन वाटा एकमेकींना मिळाल्या की रोगराई आलीच. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो याने ती एका घाण झालेल्या पंपाच्या पाण्यातून पसरल्याचे दाखवून दिले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी असह्य झाल्यावर बॅझलजेट या अभियंत्याच्या हातून त्या शहराखाली सांडपाण्याची प्रचंड भुयारे बांधली गेली. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. सांगलीचा शेरीनाला शहराचे सांडपाणी घेऊन कृष्णामाईत उतरतो आणि त्याच कृष्णेचे पाणी सांगली-मिरजेची माणसे पितात. हे सांडपाणी उचलून धुळगावच्या शेतीकडे नेण्याची योजना झाली, तरी शेरीनाल्याची तक्रार मिटलेली नाही. हा प्रश्न नुसत्या सभांनी व निवेदनांनी सुटणारा नाही. उताराचा हिशेब, मातीची परीक्षा, पाण्याची तपासणी जाणणारी माणसे त्याला हवीत. आणि ती शाळा-कॉलेजांतूनच तयार व्हायची आहेत.

आपल्या दीनमध्ये तहारतीला इमानाचा भाग मानले आहे. वजू केल्याशिवाय नमाज होत नाही, आणि वजूला पाक पाणी लागते. तहानलेल्याला पाणी देणे हा सदका-ए-जारिया, म्हणजे देणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ज्याचे पुण्य चालू राहते असा सदका समजला जातो. मलिक अंबरच्या नहरेवर सर्व जातिधर्मांच्या माणसांनी तीनशेहून अधिक वर्षे पाणी भरले. त्याच्या लढायांचे पारडे आणि या सदक्याचे पारडे यांत जड कोणते, याचा निवाडा करणारा अल्लाह आहे. आपण एवढेच पाहावे की, बगदादच्या एका घरात एका गुलाम मुलाला कोणीतरी अक्षर शिकविले आणि त्या अक्षराचे पाणी होऊन ते दख्खनच्या एका नगराला पोचले.

आपल्या वस्त्यांत आजही अशी मुले आहेत. कोणी गॅरेजमध्ये काम करीत आहे, कोणी हातगाडीवर उभा आहे, कोणी मुलगी सातवीनंतर घरी बसली आहे. त्यांच्यातील कोणाच्या हातून उद्या कोणते काम होणार आहे, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. त्यांना शाळेच्या दारापर्यंत आणणे आणि मध्येच गळू न देता शेवटपर्यंत शिकविणे, हेच आपल्यासारख्या संस्थांचे नहर खोदण्याचे काम आहे. ते जमिनीखालचे असल्यामुळे दिसत नाही, वेळही लागतो. पण उतार बरोबर धरला तर पाणी पोचल्याशिवाय राहत नाही.